मॉकिश

अकरावीच्या वर्गात एका मुलीने मला ‘मॉकिश’ या इंग्रजी शब्दाचा अर्थ विचारला आणि मी तिला अर्धामुर्धा अर्थ सांगून मोकळी झाले. धड्यातल्या कुणा गृहस्थाचं भाषण मॉकिश होतं, एवढंच पुस्तकात होतं. ‘अतिभावुक’, मी म्हटलं. वाराणसीतल्या त्या मुलींच्या कॉलेजात इंग्रजीही हिंदीतूनच शिकवावं लागे. मुलगी हुशार होती, ती खाली बसली नाही.

“मिस, फिर सेंटिमेंटल और मॉकिश में फ़र्क क्या है?”

“कुछ ख़ास नहीं,” मी म्हणाले आणि पुढची ओळ वाचायला घेतली.

नव्वदीच्या दशकातली गोष्ट. नवऱ्याची बँकेतली बदली नागपूरहून वाराणसीला झाली होती आणि आम्ही दूधविनायकाच्या गल्लीत दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या भाड्याने घेतल्या होत्या. घरमालक पिढ्यान्‌पिढ्या काशीत राहिलेले मराठी, इंग्रजीचे निवृत्त प्राध्यापक. मी त्यांना सर म्हणायची. ते आमच्या वरच्या मजल्यावर पुस्तकांत राहायचे. तळमजल्यावर त्यांच्या दूरच्या नात्यातल्या एक आजी राहत. हिवाळ्यात न्हाणीत घसरून त्यांचा उजवा खुबा मोडला होता आणि तेव्हापासून त्या अंथरुणावरच होत्या.

आजींचा एकुलता मुलगा प्रवचनकार. इंदूरला बायकामुलांसह राहायचा आणि नागपूरपासून पुण्यापर्यंत त्याची प्रवचनं व्हायची. बुवांचा हातखंडा विषय म्हणजे आई. नागपूरला माझ्या आईकडे त्यांच्या कॅसेट होत्या. आम्ही वाराणसीला निघालो आणि जागा त्यांची आई राहते त्याच घरात मिळाली हे कळलं, तेव्हा आईला कोण आनंद झाला होता! “अगं, ज्या माउलीवर ते बोलतात ती तुझ्या खाली राहते. रोज पाया पड तिच्या,” ती म्हणाली होती.

पाया पडायला गेले तेव्हा ती माउली म्हणाली, “पाय नको धरूस, दुखतात. ती खिडकी खोल जरा. फार उमस आहे.”

आजी काटक होत्या, जिभेने तिखट होत्या, आणि मला ‘नागपूरवाली’ म्हणून हाक मारायच्या. मुलाने इंदूरला न्यायची तयारी दाखवली नव्हती असं नाही. त्यांनीच नकार दिला होता. काशी सोडून मरायला दुसरीकडे कशाला जायचं, हा त्यांचा सवाल. मग मुलाने सकाळ-संध्याकाळ एक बाई लावून दिली होती. ती आजींना पुसून काढायची, कूस बदलायची, खाऊ घालायची. मी कॉलेजातून येताना दारातून डोकावायची, दोन शब्द बोलायची. एकदा बुवांच्या कॅसेटचा विषय काढला, तर आजी म्हणाल्या, “लहानपणी तो पडला ना, की आधी इकडेतिकडे बघायचा, कोणी बघतंय का. कोणी दिसलं की मग रडायचा. पण रडायचा अगदी मनापासून, हं.”

भाद्रपद लागला. गंगा चढली होती, खालच्या घाटांच्या पायऱ्या पाण्याखाली गेल्या होत्या, गल्लीत चिखल आणि शेण एकजीव झालं होतं. माश्या एवढ्या, की ताटावर एक हात सतत हलता ठेवावा लागे. कामाची बाई तीजेसाठी, म्हणजे हरतालिकेच्या सणाला, माहेरी गेली आणि पुराने तिकडेच अडकली. तिने आपल्या जागी जावेला सांगितलं होतं. जाऊ यायची, पोळीभाजी ठेवायची आणि नाकाला पदर लावून निघून जायची. आजींना ती हात लावत नव्हती हे मला नंतर कळलं.

जिन्यात वास येऊ लागला. मला वाटलं, उंदीर मेला असेल. नवऱ्यालाही तेच वाटलं. समोरच्या दुकानदारानेही तसंच म्हटलं आणि गल्लीत फिनेल शिंपडलं. तो वास मी अजून विसरले नाही. गोडसर होता. गोड नसता तर एवढा किळसवाणा वाटला नसता. मी बादली-फडकं घेऊन जिन्याखालची अडगळ उपसली. उंदीर मिळाला नाही. मग मी आजींच्या दाराशी थांबले आणि माझ्या लक्षात आलं की वास या खोलीतला आहे.

“आजी, कसला वास येतोय?”

“माझाच असेल,” त्या म्हणाल्या. “डाव्या अंगाला काहीतरी वळवळतंय दोन दिवस. मला मेलीला बघता येत नाही.”

उजवा खुबा मोडलेला, म्हणून त्या कायम डाव्या कुशीवर असायच्या. मी लुगडं बाजूला केलं. डाव्या खुब्यावर वाटीएवढी जखम होती आणि ती हलत होती. आधी मला वाटलं, माझेच डोळे हलताहेत. मग एकेक दिसू लागली. पांढऱ्या, लठ्ठ, शिजलेल्या भाताच्या शितांसारख्या अळ्या, डोकी आत आणि शेपट्या बाहेर.

मी अंगणात गेले आणि मोरीत ओकले. मग तोंड धुतलं आणि गल्लीच्या तोंडाशी दवाखाना होता, तिथल्या कंपाउंडरला घेऊन आले. तो म्हणाला, घाबरू नका, पुराच्या दिवसांत अशा केसेस येतात. त्याने तारपिनाच्या तेलात भिजवलेला कापूस जखमेवर धरला. थोड्या वेळाने गुदमरलेल्या अळ्या वर येऊ लागल्या आणि तो चिमट्याने एकेक उचलून मिठाच्या पाण्याच्या वाडग्यात टाकू लागला. वीज गेलेली होती. माझा नवरा टॉर्च धरून उभा होता, तोंड भिंतीकडे करून. त्यामुळे उजेड कधी जखमेवर, कधी कोनाड्यातल्या बाळकृष्णावर पडत होता.

“इकडे बघ रे बाबा,” आजी त्याला म्हणाल्या, “देवाला काही झालेलं नाही.”

एका दिवसात ते संपणारं नव्हतं. आत खोलवर बऱ्याच होत्या. दुसऱ्या दिवसापासून कंपाउंडरने चिमटा माझ्या हातात दिला आणि तो शेजारी बसून सांगत राहिला. नंतर तो येईनासा झाला, तेव्हा मी एकटी करू लागले. कॉलेजात जायच्या आधी आणि आल्यावर. आजी विव्हळायच्या, शिव्याही द्यायच्या. झाल्यावर विचारायच्या, “किती किडे निघाले?”

“मोजले नाहीत.”

“बरं केलंस. चहा टाक आता. साखर नीट घाल, कालचा पाणचट होता.”

सांगायची गोष्ट अशी की मला त्या दिवसांत किळस आली ती फक्त पहिल्या दिवशी. नंतर ते काम झालं. हात चोळून धुवायची आणि जेवायला बसायची. भातसुद्धा खायची.

सरांच्या घरातल्या फोनवरून बुवांना कळवलं होतं. फोनवर ते हुंदके देऊन रडले. “गणपतीचे दिवस आहेत, ताई. रोज गावोगाव कार्यक्रम लागलेत. लोकांचा विरस कसा करू? पण माझा जीव तिथे आहे,” ते म्हणाले. अनंत चतुर्दशी झाली, पितृपंधरवडा लागला, तेव्हा ते आले. प्रवचनांना मागणी नसलेला पंधरवडा.

तोवर जखम लाल, स्वच्छ झाली होती. औषधाचा वास होता, एवढंच. बुवा गोरेपान, भरदार, रेशमी उपरणं घेतलेले. ते खोलीच्या उंबऱ्यापर्यंत आले आणि तिथेच बसले. उपरण्याला अत्तर होतं, ते त्यांनी नाकाशी धरलं आणि रडायला सुरुवात केली. “आई! काय गं ही तुझी दशा! तुझं बाळ करंटं गं, आई!” आवाज कमावलेला. गल्लीतल्या बायका जमल्या, त्याही डोळे टिपू लागल्या. मी आतल्या बाजूला पट्टी घेऊन उभी होते. म्हटलं, “बुवा, जरा आत या. कूस वळवायला एक हात हवाय.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हुंदका आणखी वाढवला. “नाही बघवत हो ताई, नाही बघवत!”

आजी भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. त्या म्हणाल्या, “पुरे. चहा घे आणि जेवून जा.”

बुवा जेवले. सरांकडे पुरण होतं, त्यावर तूप मागून घेतलं. दुसऱ्या दिवशीच्या गाडीने परत गेले. जाताना त्या उंबऱ्यावर डोकं ठेवून पुन्हा रडले. डोळे खरंच लाल होते, नाक वाहत होतं. मला एकाएकी पोटातून ढवळून आलं. जखमेपाशी बसून जे मला आता होत नव्हतं, ते त्या अत्तराच्या वासाने झालं. संध्याकाळी मी जेवले नाही.

मी सरांकडे वर गेले. मला त्या गोष्टीला काय म्हणावं ते कळत नव्हतं. मराठीत शोधत होते. नक्राश्रू म्हणावं, तर ते अश्रू खोटे नव्हते. पुळका म्हणावं, तर पुळका येऊन ओसरतो. हा माणूस तर त्यावर जगत होता. गुळमट हा शब्द जरा जवळ येत होता, पण गुळमटाने ओकारी येत नाही.

सर ऐकत राहिले. मग म्हणाले, “मॉकिश.”

“अतिभावुक?” मी विचारलं. वर्गातल्या त्या मुलीची आठवण होऊन मला थोडं ओशाळल्यासारखं झालं.

“अतिभावुक तर आपण सगळेच असतो. मॉकिश वेगळं.” ते उठले आणि खालच्या फळीवरून एक जाडजूड कोश काढला, ज्यात प्रत्येक शब्दाचं मूळ दिलेलं असतं. भिंग लावून त्यांनी जागा शोधली आणि वाचता वाचता थांबले. माझ्याकडे कोश सरकवला. “तुम्हीच वाचा.”

इंग्लंडच्या उत्तरेकडच्या जुन्या बोलीत ‘मॉक’ म्हणजे अळी. मांसात, चीजमध्ये पडते ती. समुद्रापलीकडून आलेल्या नॉर्स लोकांच्या भाषेतून तो शब्द इंग्रजीत आला होता. त्यावरून मॉकिश, म्हणजे शब्दशः अळीसारखं, किडकं. तीनशे-साडेतीनशे वर्षांपूर्वी हा शब्द वापरात आला, तेव्हा त्याचा भावनेशी संबंध नव्हता. ज्याला अन्नावरची वासना उडाली आहे, मळमळतंय, तो माणूस मॉकिश. मग जी चव मिळमिळीत, किंचित गोडूस आणि जिभेवर आली की मळमळायला लावणारी, ती चव मॉकिश. आणि शेवटी, जी भावना ऐकताना तसं होतं, ती भावना.

मी ती नोंद दोनदा वाचली. हाताला तारपिनाचा वास होता, कितीही धुतला तरी जात नव्हता.

“मला माहीत नव्हतं,” सर म्हणाले. “आयुष्यभर शिकवला हा शब्द. कधी मूळ बघितलं नाही.” मग कोश मिटत म्हणाले, “वास मलाही येत होता बरं का. मी खिडकी लावून घेतली होती.”

दुसऱ्या दिवशी वर्गात मी त्या मुलीला उभं केलं आणि अळीपासून सगळं सांगितलं. मुली “छी, मिस!” करून ओरडल्या. मी फळ्यावर दोन वाक्यं लिहून फरक समजावला. परक्याच्या दुःखाने डोळे भरून आले, तर सेंटिमेंटल म्हणा हवं तर, त्यात वाईट काही नाही. पण भरून आलेल्या डोळ्यांची चव जिला लागते आणि जी ती चाखत बसते, जखमेकडे मात्र पाहत नाही, ती भावना मॉकिश. मुलीने विचारलं, “मतलब उसमें कीड़े पड़ गए?”

“हाँ,” मी म्हणाले. “मीठा था, इसलिए.”

आजी कार्तिकात गेल्या. जखम जवळजवळ भरली होती. त्या तापाने गेल्या. बुवा वेळेवर पोचले, मणिकर्णिकेवर अग्नी दिला, तेराव्याला मोठं जेवण घातलं. त्यात मी वाढायला होते. तिथवर मला काही म्हणायचं नव्हतं. मुलगा आहे, त्याच्या परीने त्याने केलं.

पुढच्या वर्षी गणेशोत्सवात दुर्गाघाटाजवळच्या मराठी मंडळींनी बुवांना प्रवचनाला बोलावलं. काशीचा सुपुत्र म्हणून हार घातला. अंगण भरलं होतं, बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या. मी आणि नवरा गेलो, सर आले. विषय अर्थातच आई.

बुवा छान बोलायचे, ते नाकारण्यात अर्थ नाही. आवाज खाली आणायचे तेव्हा शेवटच्या रांगेतली बाईही पुढे वाकायची. अर्ध्या तासाने त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाले, “माझी आई अंथरुणाला खिळली. तिच्या देहात किडे पडले, मंडळी! वैद्य म्हणाले, आम्ही हात लावणार नाही. मग या हातांनी,” इथे त्यांनी दोन्ही हात वर धरले, “या पापी हातांनी मी तिच्या जखमेतला एकेक किडा वेचला. वेचताना वाटलं, हे किडे नाहीत, ही माझी पापं आहेत. आणि आई काय म्हणाली असेल? आई म्हणाली, राहू दे रे बाळा, त्यांनाही भूक असते!”

अंगणात हुंदके फुटले. माझ्या शेजारची बाई पदर तोंडात धरून रडत होती. ती चिडकी, तिखट बोलणारी म्हातारी, जिला चहात साखर नीट हवी असायची, तिच्या तोंडी त्याने हे घातलं होतं. तिचे किडे त्याने घेतले होते, माझे हात घेतले होते, आणि त्यांचा पाक करून लोकांना वाढत होता. आणि त्याच्या गालावरून खरीखुरी आसवं वाहत होती.

मी उभी राहिले. मला सभेत बोलायची सवय नाही. आवाज चिरकला.

“बुवा, जखम डाव्या अंगाला होती का उजव्या?”

बुवांनी डोळे उघडले. मला ओळखलं. क्षणभर, अगदी क्षणभर, त्यांच्या तोंडावर काहीच नव्हतं. मग ते हसले, ओल्या डोळ्यांनी, मान किंचित कलती करून.

“ताई, आईच्या वेदनेला डावं-उजवं नसतं.”

“वा! वा!” कुणीतरी म्हणालं. टाळ्या झाल्या. शेजारची बाई माझा पदर ओढून म्हणाली, “बसा हो, असं काय करता? त्यांच्या जिवाला काय वाटेल!” मी बसले. समोर सर आपल्या चपलांकडे पाहत होते.

नंतर प्रसादाला शिरा होता. द्रोण हातात घेतला आणि तुपाचा, वेलचीचा वास आला. खाववला नाही. नवऱ्यानेही आपला द्रोण न बोलता भिंतीच्या कडेला ठेवला.

निघताना बुवा स्वतः आडवे आले. भोवती माणसं होती. त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले. “ताई, तुम्ही आईची सेवा केलीत. मी विसरलेलो नाही. पण प्रवचनातला मी म्हणजे मी नव्हे. तो प्रत्येक मुलगा असतो.”

“मग प्रत्येक मुलाला एकदा चिमटा धरून बघायला सांगा,” मी म्हटलं.

“अहाहा!” ते भोवतालच्यांना म्हणाले. “काय बोललात! हे मी घेतो हं पुढच्या वेळी.”

त्यांचे तळवे गरम आणि ओले होते. मी हात सोडवून घेतले आणि अंगणातल्या नळाखाली धरले. मागे माणसं काय म्हणत होती ते ऐकलं नाही.

दिवाळीत नागपूरला गेले, तर आईकडे नवी कॅसेट आलेली. तिने मोठ्या कौतुकाने लावली. किड्यांचा भाग आला तशी तिने डोळ्यांना पदर लावला. मी टेपरेकॉर्डर बंद केला आणि तिला सगळं सांगितलं, तारपिनापासून शिऱ्यापर्यंत.

“असेल तू म्हणतेस तसं,” ती शेवटी म्हणाली. “पण मी त्याच्या आईसाठी कुठे रडते? मी माझ्या आईसाठी रडते. ती गेली तेव्हा तू पोटात होतीस, मला जाऊ दिलं नव्हतं. मला तर हेही माहीत नाही की तिला शेवटी कुणी हात लावला की नाही.”

बुवांची किळस मला अजून येते, पण कॅसेट ऐकणाऱ्या त्या सगळ्या बायकांची जी येत होती, ती त्या दिवसापासून कमी झाली.

आईने कॅसेट फेकली नाही. पण नंतर माझ्यासमोर लावलीही नाही. रात्रीची भांडी आवरताना तिने विचारलं, “ती म्हातारी होती कशी गं, खरी?” मी सांगायला लागले: बाळकृष्णाला ती कशी दटावायची, कामवालीशी कशी भांडायची, माझ्या नागपुरी मराठीची नक्कल कशी करायची. आई ओट्याला टेकून ऐकत होती आणि नकलेवर मोठ्याने हसली. तेव्हापासून मी माहेरी गेले की ती काहीतरी नवं विचारतेच, आणि मला आठवतं तेवढं मी सांगते.